उंदराच्या पंजातला आमवात: ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या संशोधनात प्राणी कशासाठी लागतात

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजेच आमवात, हा आजार प्रयोगशाळेतल्या साध्या उंदराला आपसूक होत नाही. तो त्याला जाणूनबुजून द्यावा लागतो: कधी एखादे प्रथिन टोचून, कधी जनुकात बदल करून, तर कधी दुसऱ्या आजारी उंदराच्या रक्तातला द्रव देऊन. या संशोधनाचे बळ आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी याच वस्तुस्थितीतून येतात. आजार आपणच घडवलेला असल्यामुळे त्याची सुरुवात कोठून झाली हे प्राण्याच्या बाबतीत ठाऊक असते, आणि माणसाच्या बाबतीत नेमके तेच ठाऊक नसते. म्हणून एखादे प्राणी-प्रारूप, म्हणजे माणसाच्या आजाराचा अभ्यास करण्यासाठी तसाच आजार घडवलेला प्राणी, माणसाच्या आजाराशी किती मिळतेजुळते आहे हे विचारण्यापेक्षा, त्या प्रारूपात आजाराचा कोणता टप्पा पाहायला मिळतो हे विचारणे अधिक उपयोगाचे ठरते.

आधी माणसातला आजार थोडक्यात पाहू. जगातल्या प्रौढ लोकसंख्येपैकी साधारण अर्धा ते एक टक्का लोकांना आमवात असतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण दोन ते तीन पट आढळते. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते आणि सांध्याचे आतले अस्तर, जे निरोगी अवस्थेत जेमतेम दोन-तीन पेशी जाडीचे असते, ते सुजून जाड होते, कूर्चेवर, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणावर, पसरत जाते आणि अखेरीस शेजारचे हाडही पोखरू लागते. बहुतेक रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच शरीराविरुद्धची प्रतिपिंडे सापडतात: एक ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर, आणि दुसरी सिट्रुलिन हे बदललेले अमिनो आम्ल असलेल्या प्रथिनांविरुद्धची. ही प्रतिपिंडे अनेकदा पहिला सांधा सुजण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून रक्तात असतात. प्रतिकारयंत्रणेशी संबंधित एचएलए जनुकांचे विशिष्ट प्रकार आणि धूम्रपान यांमुळे धोका वाढतो हे पक्के झालेले आहे, आणि हिरड्यांच्या जुनाट आजाराशी असलेला संबंधही बराच अभ्यासला गेला आहे. परंतु रुग्ण डॉक्टरांकडे येतो तेव्हा आजाराची सुरुवात कधीच मागे पडलेली असते. त्याच्या लसिकाग्रंथींत पाच वर्षांपूर्वी काय घडले हे पाहता येत नाही, आणि त्याच्या शरीरातले एखादे जनुक काढून टाकून परिणाम बघणे तर अशक्यच असते. प्राण्यांकडे वळण्याचे मुख्य कारण हेच आहे.

टोचून घडवलेला आजार

या अभ्यासातले सर्वांत जुने आणि अजूनही वापरात असलेले प्रारूप रॅटचे आहे. रॅट म्हणजे साध्या उंदरापेक्षा सुमारे दहापट वजनाचा, प्रयोगशाळेत वाढवलेला मोठा उंदीर. क्षयाच्या जंतूंच्या कुळातले मृत जंतू खनिज तेलात कालवून केलेले मिश्रण, ज्याला फ्रॉइंडचे संपूर्ण अ‍ॅडजुव्हंट म्हणतात, ते प्रतिकारयंत्रणेला चेतवण्यासाठी वापरले जात असे. हे मिश्रण टोचल्यानंतर साधारण दोन आठवड्यांत रॅटचे सांधे सुजतात हे १९५० च्या दशकात लक्षात आले आणि कार्ल पिअर्सन यांनी १९५६ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. पुढची कित्येक वर्षे दाहशामक औषधांची चाचणी मुख्यतः याच प्रारूपात होत राहिली. मात्र त्यात एक फसवी गोष्ट आहे. साधी दाहशामक वेदनाशामके रॅटमधली सूज तर उतरवतातच, शिवाय त्याच्या हाडांची झीजही बऱ्याच प्रमाणात रोखतात. माणसात हीच औषधे वेदना आणि सूज कमी करतात, पण हाडांची झीज थांबवत नाहीत. केवळ रॅटच्या पंजावर विसंबून राहिले असते, तर ही औषधे आजाराचा मार्गच बदलतात असा समज करून घ्यावा लागला असता.

१९७७ मध्ये डेव्हिड ट्रेंथॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पाऊल पुढे टाकले. कूर्चेचा सांगाडा ज्या प्रथिनाचा बनलेला असतो ते दुसऱ्या प्रकारचे कोलॅजन तेलात मिसळून टोचले, तर रॅटची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्या कूर्चेवरही हल्ला करते हे त्यांनी दाखवले. १९८० मध्ये हेच उंदरांतही साधले गेले आणि तेव्हापासून हे प्रारूप या क्षेत्राचा जणू मापदंड झाले. व्यवहारात ते असे चालते: डीबीए/१ या वाणाच्या उंदरांना गाईच्या किंवा कोंबडीच्या कूर्चेतले कोलॅजन शेपटीच्या मुळाशी टोचतात, तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा देतात, आणि त्यानंतर एकेक पंजा लाल होऊन सुजू लागतो. वाण येथे कळीचा ठरतो. काही वाणांत आजार सहज होतो, तर जनुकसंशोधनात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या सी५७ काळ्या उंदरांत तो घडवणे अवघड जाते. हा फरक मुख्यतः त्या जनुकांमुळे पडतो जी प्रथिनांचे तुकडे टी पेशींना, म्हणजे हल्ल्याचा निर्णय घेणाऱ्या पांढऱ्या पेशींना, ‘दाखवण्याचे’ काम करतात. माणसातली एचएलए जनुके हेच काम करतात, त्यामुळे या एका बाबतीत तरी उंदीर आणि माणूस एकाच वाटेवर आहेत असे म्हणता येते.

इतर बाबतींत मात्र ते वेगळ्या वाटांनी जातात. आमवात स्त्रियांत अधिक आढळतो, पण या प्रारूपात बहुधा नर उंदीर वापरतात, कारण त्यांच्यात आजार अधिक खात्रीने होतो. माणसाचा आजार दशकानुदशके चढउतार करत राहतो, तर उंदराचा काही आठवड्यांत भरात येऊन ओसरू लागतो. रुग्ण बहुधा मध्यमवयाचा असतो आणि उंदीर जेमतेम दोन-तीन महिन्यांचा. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर या उंदरांत सहसा आढळत नाही. इतके फरक असूनही हे प्रारूप टिकले, कारण टी पेशी आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशी मिळून स्वतःच्या प्रथिनाविरुद्ध कसे उभे राहतात हा टप्पा त्यात उघडपणे पाहता येतो.

प्रतिपिंडे एकटी पुरतात का?

आजार घडवण्यासाठी टी पेशी लागतातच का, की प्रतिपिंडे एकट्याने सांधा सुजवू शकतात, हा या क्षेत्रातला जुना वाद आहे. १९९६ मध्ये स्ट्रासबूर्ग येथे डायान मॅथिस आणि क्रिस्तोफ बेन्वा यांच्या प्रयोगशाळेत अगदी वेगळ्या कामासाठी दोन वाणांचा संकर केला गेला, आणि त्यातून जन्मलेल्या पिलांना काही आठवड्यांत तीव्र संधिदाह होऊ लागला. के/बीएक्सएन नावाने हे उंदीर प्रसिद्ध झाले. त्यांच्या रक्तातला द्रव निरोगी उंदराला टोचला की काही दिवसांत त्याचेही पंजे सुजतात, आणि त्याच्या शरीरात टी किंवा बी पेशी मुळीच नसल्या तरी सुजतात. याचा अर्थ प्रतिपिंडे एकदा तयार झाली की पुढचे सारे काम सांध्यातल्या न्यूट्रोफिल व मास्ट या दाह घडवणाऱ्या पेशी आणि रक्तातली त्यांना साथ देणारी पूरक प्रथिने यांच्यावर सोडता येते. आजाराचे दोन भाग यामुळे प्रथमच स्वच्छपणे वेगळे करता आले: एक, प्रतिकारयंत्रणा चुकीचा निर्णय घेते तो भाग, आणि दुसरा, त्या निर्णयाची सांध्यात अंमलबजावणी होते तो भाग.

या कथेला एक गमतीचा उपसंहार आहे. ही प्रतिपिंडे कशाच्या विरोधात आहेत याचा शोध घेतल्यावर १९९९ मध्ये जे प्रथिन सापडले ते कूर्चेतले नव्हते. ते पेशीत ग्लुकोजचे विघटन करणाऱ्या साखळीतले, शरीराच्या प्रत्येक पेशीत असणारे एक विकर निघाले. सर्वत्र असलेल्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे फक्त सांध्यांनाच का जाळतात, या प्रश्नाने बरेच संशोधन पुढे नेले आणि ते विकर कूर्चेच्या पृष्ठभागावर चिकटून राहते असे दिसून आले. माणसाच्या आमवातात मात्र या विशिष्ट प्रतिपिंडांना फारसे महत्त्व असल्याचे सिद्ध झाले नाही. म्हणजे प्रारूपातला तपशील माणसाला लागू पडला नाही, पण त्यातून शिकलेली यंत्रणा लागू पडली. या क्षेत्रात असे वारंवार घडते, आणि माझ्या मते प्राणीसंशोधनाकडे पाहताना सर्वाधिक ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट हीच आहे.

उंदरापासून औषधापर्यंत

प्राणी-प्रारूपांच्या बाजूने सर्वांत भक्कम साक्ष टीएनएफ या रेणूची आहे. दाह वाढवणारे असे अनेक रेणू सुजलेल्या सांध्यात सापडतात आणि त्यांपैकी एकाला अडवले तर बाकीचे त्याची जागा घेतील, असे पूर्वी बहुतेकांना वाटत असे. लंडनमध्ये मार्क फेल्डमन, रविंदर मैनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये रुग्णांच्या सांध्यातल्या पेशी काचपात्रात वाढवून टीएनएफ अडवला, तेव्हा दाहाचा दुसरा प्रमुख रेणू आयएल-१ हाही घटला. म्हणजे हे रेणू सुटे नव्हते, त्यांत उतरंड होती. १९९१ मध्ये अथेन्सच्या जॉर्ज कोलियास यांच्या गटाने मानवी टीएनएफ अतिरिक्त प्रमाणात तयार करणारे उंदीर निर्माण केले. त्यांना कोणतेही कोलॅजन टोचले नव्हते, तरीही त्यांना संधिदाह झाला, आणि मानवी टीएनएफविरुद्धचे प्रतिपिंड दिल्यावर तो टळला. १९९२ मध्ये लंडनच्या गटाने कोलॅजनच्या प्रारूपात टीएनएफ अडवला आणि आजार सुरू झाल्यानंतर उपचार दिले तरी सांध्यांचे नुकसान कमी होते हे दाखवले.

हे तीन पुरावे एकमेकांना ज्या तऱ्हेने आधार देतात ते पाहण्यासारखे आहे. मानवी पेशींनी दुवा सुचवला, जनुक बदललेल्या उंदराने टीएनएफ एकटा आजार घडवण्यास पुरेसा आहे हे दाखवले, आणि टोचलेल्या उंदराने टीएनएफ जास्त घातलेला नसतानाही त्याला अडवण्याचा उपयोग होतो हे दाखवले. १९९२ मध्येच लंडनच्या चेअरिंग क्रॉस रुग्णालयात टीएनएफ अडवणाऱ्या प्रतिपिंडाची २० रुग्णांवर पहिली चाचणी झाली. टीएनएफ अडवणाऱ्या औषधांपैकी १९९८ मध्ये एटानरसेप्टला आणि १९९९ मध्ये इन्फ्लिक्सिमॅबला अमेरिकेत आमवातासाठी मान्यता मिळाली.

हाडांच्या झिजेचे प्रकरण तितकेच बोधक आहे, जरी त्याची चर्चा कमी होते. सूज आणि हाडाची झीज एकत्र दिसतात, म्हणून त्या एकच प्रक्रिया मानल्या जात. हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी तयार होण्यासाठी रँकल नावाचा रेणू लागतो. हा रेणू मुळातच नसलेल्या उंदरांना के/बीएक्सएनचा द्रव टोचला, तेव्हा त्यांचे सांधे सुजले, पण हाड जवळजवळ शाबूत राहिले. माणसात ही गोष्ट इतक्या निर्विवादपणे दाखवता येणे शक्यच नव्हते. पुढे रँकल अडवणारे डेनोसुमॅब रुग्णांना दिले गेले, तेव्हा हाडांची झीज मंदावली आणि सूज तशीच राहिली, म्हणजे उंदराने वर्तवले होते तंतोतंत तसेच घडले.

जेथे उंदराने दगा दिला

आयएल-१ अडवल्यावर उंदरांतला संधिदाह इतका झपाट्याने ओसरतो की टीएनएफपेक्षाही हा रेणू महत्त्वाचा असावा असे वाटत होते. त्या आधारावर आलेले, आयएल-१ अडवणारे अनाकिन्रा हे औषध २००१ मध्ये मान्यता पावले, परंतु आमवातात त्याचा परिणाम माफकच राहिला. आयएल-१७ या दाहाच्या आणखी एका रेणूला अडवण्याबाबतही तसेच झाले: उंदरांत उत्तम, आमवाताच्या रुग्णांत निराशाजनक, आणि गंमत म्हणजे सोरायसिसशी निगडित संधिवातात आणि मणक्याच्या संधिवातात पुन्हा उत्तम. पी३८ नावाच्या विकराला अडवणारी अनेक औषधे प्राण्यांत चमकली आणि रुग्णांत एकामागून एक फसली.

या अपयशांची कारणे एकसारखी नाहीत, पण एक कारण पुन्हा पुन्हा दिसते आणि ते उंदराचे नसून प्रयोगाच्या आखणीचे आहे. अनेक प्रयोगांत औषध आजार सुरू होण्याआधीच दिलेले असते. सूज येण्यापूर्वी प्रतिकारयंत्रणेला रोखणे आणि महिनोन्‌महिने जाड झालेले अस्तर पूर्ववत करणे ही दोन अगदी निराळी कामे आहेत, आणि दवाखान्यात येणाऱ्या रुग्णाला दुसरे काम हवे असते. ‘उंदरांमधला संधिवात बरा झाला’ असे कोठे वाचनात आले, तर पहिली मात्रा कोणत्या दिवशी दिली हे शोधावे. पुष्कळ वेळा बरे होण्यासारखे तेव्हा काही सुरूच झालेले नसते.

याहून गंभीर घटना १३ मार्च २००६ रोजी लंडनमध्ये घडली. टीजीएन१४१२ हे प्रतिपिंड टी पेशींवरील सीडी२८ या रेणूला चेतवत असे. रॅटमध्ये तशाच प्रतिपिंडाने दाहाला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी वाढल्या होत्या आणि संधिदाह शमला होता, तसेच माकडांना मोठी मात्रा देऊनही काही अपाय दिसला नव्हता. त्या मात्रेच्या ५००व्या हिश्शाइतकी मात्रा सहा निरोगी स्वयंसेवकांना दिली गेली आणि काही तासांत सहाही जण अत्यवस्थ झाले, त्यांचे अनेक अवयव निकामी होऊ लागले. सर्व जण वाचले, पण काहींना कायमची इजा झाली. पुढील तपासात असे दिसले की माणसातल्या ज्या स्मृतिपेशींनी, म्हणजे आधीच्या संसर्गांची आठवण ठेवणाऱ्या टी पेशींनी, हा उत्पात घडवला, त्याच प्रकारच्या पेशींवर त्या माकडांत सीडी२८ नसतो. रेणूची रचना दोघांत सारखी होती. तो रेणू कोणत्या पेशीवर बसलेला आहे, यात फरक होता. या घटनेनंतर माणसाला द्यायची पहिली मात्रा ठरवण्याचे आणि ती एकेका स्वयंसेवकाला अंतराने देण्याचे नियम कडक झाले.

पिंजरा, जंतू आणि वेदना

उंदराच्या आजारावर त्याच्या आतड्यातल्या जंतूंचाही प्रभाव पडतो. जपानमध्ये शिमॉन साकागुची यांच्या गटाने २००३ मध्ये वर्णन केलेले एसकेजी उंदीर जनुकीय दोष घेऊन जन्मतात, तरीही अतिस्वच्छ पिंजऱ्यात ते निरोगी राहू शकतात. बुरशीच्या भिंतीतला एक घटक टोचला की आजार उफाळतो. के/बीएक्सएन उंदीर पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवले तर त्यांचा आजार सौम्य होतो. उलट, अ‍ॅडजुव्हंटला सहसा न जुमानणारा रॅटचा एक वाण निर्जंतुक वातावरणात वाढवला की त्याला तीव्र आजार होतो. एकाच प्रयोगाचे निकाल दोन प्रयोगशाळांत न जुळण्यामागे कित्येकदा हेच कारण असते, आणि ते शोधनिबंधात लिहिलेले नसते.

आजार मोजण्याची रीत साधी आहे: प्रत्येक पंजाला ० ते ४ गुण, चार पंजांचे मिळून जास्तीत जास्त १६, जोडीला पंजाची जाडी, सांध्याचे पातळ छेद आणि हाडाचे सूक्ष्म स्कॅन. गुण देणाऱ्याला कोणत्या उंदराला औषध मिळाले हे ठाऊक नसणे अत्यावश्यक आहे. वेदना मोजणे मात्र अवघड आहे, कारण उंदीर दुखणे लपवतो. के/बीएक्सएनच्या प्रयोगांत सूज पूर्ण उतरल्यावरही पंजाची अतिसंवेदनशीलता टिकून राहते असे आढळले आहे. सांधे शांत होऊनही दुखत राहतात अशी तक्रार करणाऱ्या रुग्णांना यात आपली कहाणी ओळखू येईल.

आणि ही वेदना आपण निर्माण केलेली असते, हे विसरता येत नाही. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वे, म्हणजे शक्य तेथे पर्याय वापरणे, प्राण्यांची संख्या घटवणे आणि यातना कमी करणे, आज जगभरच्या नियमांचा पाया आहेत. सुजलेल्या पंजाच्या उंदराला मऊ अंथरूण देणे, खाद्य जमिनीवर ठेवणे, पाण्याच्या बाटलीची नळी लांब करणे आणि ठरावीक मर्यादेपुढे आजार गेल्यास प्रयोग थांबवणे या गोष्टी त्यातूनच आल्या. वेदनाशामक देण्यात खरा पेच आहे, कारण बहुतेक सोपी वेदनाशामके दाहही कमी करतात आणि जे मोजायचे तेच पुसून टाकतात. त्यामुळे काही ठिकाणी ओपिऑइड, म्हणजे अफूवर्गीय, गटातली औषधे वापरतात. ‘प्रयोग बिघडेल’ या सबबीखाली काहीच न देण्याची जुनी सवय मात्र समर्थनीय वाटत नाही.

पर्याय वाढत आहेत. रुग्णाच्या सांध्यातून सुईने घेतलेल्या अस्तराच्या तुकड्यातली एकेक पेशी आता वेगळी तपासता येते, आणि कोणत्या पेशी दाह पेटवतात व कोणत्या तो विझवतात याचे नकाशे थेट माणसापासून तयार होत आहेत. आता बरेचदा क्रमच उलटा असतो: आधी माणसात पेशी सापडते, मग ती काढून टाकली तर काय होते हे उंदरात पाहतात. लसिकाग्रंथीत सुरू झालेली गोष्ट सांध्यात कशी पोहोचते, हे मात्र काचपात्रात दिसत नाही. त्यासाठी अजूनही सबंध शरीर लागते.

शेवटी एक उलटफेर नोंदवायला हवा. आजाराआधीच औषध देण्याचा जो दोष वर सांगितला, तो प्रश्न बदलला की दोष राहत नाही. अ‍ॅबाटासेप्ट हे टी पेशींना चेतवणारा दुसरा संकेत अडवणारे औषध आहे, आणि त्याच तत्त्वावरच्या रेणूने कोलॅजनच्या प्रारूपात उंदरांचा आजार आधीच रोखला होता. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, रक्तात प्रतिपिंडे आहेत आणि सांधे दुखतात पण सुजलेले नाहीत, अशा लोकांना ते ५२ आठवडे दिले गेले. वर्षअखेरीस औषध घेणाऱ्यांपैकी ६ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी २९ टक्के लोकांना आजार जडला. औषध थांबवल्यानंतर हा फरक कमी होत गेला आणि दोन वर्षांअखेर ही प्रमाणे अनुक्रमे २५ आणि ३७ टक्के झाली. आजार लांबतो, पण औषध थांबल्यावर तो कायमचा का टळत नाही, हा आता पुढचा प्रश्न आहे. तो तपासण्यासाठी काही आठवड्यांत भरात येऊन ओसरणारी जुनी प्रारूपे पुरेशी नाहीत. प्रतिपिंडे दीर्घकाळ रक्तात असूनही सांधे शांत राहतात अशी अवस्था ज्या उंदरात घडवता येईल, असे प्रारूप त्यासाठी लागेल.